शाम से जागा है

कंदील मोठा करायचा तर करा, पण गोष्ट मध्येच तोडायची नाही. ही धारेकडच्या मनावर गावच्या खंडोजींची. माझ्या मामांचे ते जिवलग, आणि गृहस्थ थट्टेतसुद्धा खोटं बोलत नसे.

सन एकोणीसशे अठरा. मानमोडीच्या तापानं सगळा माळवा झोडपून काढला होता. धनत्रयोदशीच्या रात्री खंडोजी धाकट्या भावाला, माधवला, बैलगाडीत घालून धारेला पोचले. काम एकच, खाट मिळवायची. शाळेत उघडलेल्या दवाखान्यात एकेका खाटेवर दोघे, ओसरीवर माणसाला माणूस लागलेला. डॉक्टर स्वतःच तापानं आडवा. भांडायचं तरी कुणाशी?

आतल्या खोलीत भिंतीशी एक खाट दिसली. तिच्यावर एकटाच माणूस, भिंतीकडे तोंड करून निजलेला. अलीकडची अर्धी बाजू मोकळी. खंडोजींनी तिथल्या चाकराला, भेरूला, गाठलं आणि खाटेकडे बोट दाखवलं.

"जागा आहे का?"

भेरूनं तोंडावरचं फडकं आवळलं. "जागा है, भिया. शाम से जागा है."

"संध्याकाळपासून जागा आहे, आणि लोक ओसरीवर मरताहेत? लाज नाही वाटत?"

भेरूनं नुसते हात जोडले. तसे खंडोजी जन्मापासून माळव्यातले, हिंदी त्यांना घरचीच. पण गरजवंताला अक्कल नसते. त्या रात्री त्यांच्या कानांनी मराठीच ऐकलं.

माधवला निजवलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. ते खाली, खाटेशी टेकून बसले.

थोड्या वेळानं माधव पुटपुटला, "दादा, याला सरकायला सांग ना."

"अहो, जरा सरका. पोर आजारी आहे."

तो सरकला... माधवकडे.

"दादा... फार गार आहे रे हा."

खंडोजींनी त्या माणसाच्या पाठीला हात लावला. गार. नाकाशी बोट धरलं. श्वास नाही... आणि खाट पुन्हा करकरली.

"भेरू!"

भेरू दारातच उभा. आत येईना. "म्हने तो कह्यो थो, भिया... दोपहर को मर गयो थो ऊ. उठाने वाला कोई नी. दिन डूब्यो... ने ऊ जाग्यो."

जाग्यो. जागा झाला.

जागा है...

खंडोजींनी माधवच्या काखेत हात घातले. ओढलं. येईना. पलीकडून कुणी ओढत नव्हतं. नुसतं धरून होतं. माधव दादाकडे बघत राहिला. मग बघणंही थांबलं.

सकाळी दोघांना एकदमच नेलं. "मीच निजवला हो त्याला तिथं," म्हणत खंडोजी लहान मुलासारखे रडले.

खाट मोकळी दिसताच ओसरीवरचा एक आजारी तिच्यावर आणून घातला. दुसरं करणार काय? तो उदयनगरकडचा, रात्रीचं त्याला काही ठाऊक नाही. एवढी खाट, पण तो अगदी काठावर, अंग चोरून निजला. खंडोजींना राहवेना. "बाबा, पडशील. मधे हो की."

त्यानं मान हलवली. "इधर पहले से दो सोए हैं, भिया."

खंडोजींनी वाकून खाटेखाली पाहिलं. विणलेल्या काथ्याला भिंतीच्या बाजूनं, ओझ्यानं पडावेत तसे, दोन झोळ पडले होते.