आईचा जीव, गिटारचा दोरा

अनिरुद्धचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, म्हणून स्पृहाने त्याची इलेक्ट्रिक गिटार पाठीला लावली, स्कूटर काढली आणि कोथरूड डेपोजवळचं संतोषचं वाद्यदुरुस्तीचं दुकान गाठलं. भाऊ गेल्यापासून आईने तोंडातून एक सूर काढला नव्हता. आई म्हणजे कुसुमताई, आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या कितीतरी मुलींना गाणं शिकवलेली बाई. तिचा तंबोरा वर्षभर गवसणीत घालून कोपऱ्यात उभा होता. श्राद्धाच्या दिवशी आपण अनिच्या गिटारवर साथ करायची आणि आईने एकदा, निदान एकदा, गायचं, एवढंच स्पृहाच्या मनात होतं. पण ती गिटार तिच्या हाताला दाद देईल तर शपथ! तारा इतक्या उंच, की दाबता दाबता बोटं सोलून निघायची. लावलेला सूर गाण्याच्या मध्यावर उतरलेला असायचा.

“ताई, ही वाजवायची असते की हिच्याशी कुस्ती खेळायची असते?” संतोषने विचारलं. “वरच्या खुंट्या बदलू, त्यांच्याखालची नटची पट्टी बदलू, तारा टेकतात तो ब्रिजही नवा टाकू. मग बघा.”

त्याने गंजलेला ब्रिज उचकटला तेव्हा जाड तारेखालून सुताचा एक मळका तुकडा गळून पडला. “दादाचे उद्योग,” स्पृहा म्हणाली. तंबोऱ्याला झंकार यावा म्हणून घोडीवर, म्हणजे त्याच्या ब्रिजवर, तारेखाली सूत सरकवतात, तोच प्रयोग अनिने गिटारवर केला होता. संतोषने फुंकर मारून तो तुकडा टेबलाखाली उडवला.

घरी आणल्यावर गिटार ओळखू येईना. तारा खाली आलेल्या, खुंट्या फिरवल्या जागी घट्ट, मनगटाला टोचणारा ब्रिज गुळगुळीत. बोट नुसतं नेलं की सूर उमटायचा. स्पृहा हरखून गेली. वाजवता वाजवता मात्र एक गोष्ट तिच्या लक्षात आली. तिचं बोट टेकण्याच्या क्षणभर आधीच तार खाली गेलेली असायची. कुणीतरी दाबून धरल्यासारखी. आणि नेमक्या त्या जागी कोमट लागायची…

ओल्या हातांनी आई दारात येऊन उभी राहिली होती.

“अनि वाजवतोय.”

“अगं, मी वाजवतेय.”

“त्यातला जीव कुठाय?”

गाणाऱ्यांच्या भाषेत त्या सुताला जीव म्हणतात. शिकवताना कुसुमताई सहज म्हणायच्या, “स्पृहा, माझा जीव जरा पुढे सरकव गं,” आणि नव्या मुली दचकायच्या.

“तो… पडला. संतोषने टाकून दिला.”

आईने ओले हात पदराला पुसले. “म्हणजे मोकळा झाला,” ती म्हणाली, आणि तिने तंबोऱ्याची गवसणी सोडली.

त्या संध्याकाळी आई गायली. स्पृहाला हवं होतं तेच झालं, पण आईची नजर तिच्याकडे नव्हती. ती स्पृहाच्या डाव्या खांद्याशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून गात होती. मग रोज दिवेलागणीला तेच होऊ लागलं, श्राद्ध उलटलं तरी थांबेना. आईचं ताट वाढून ठेवलं तर भात वाळून जायचा. “अनि उठला की जेवते.” बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागल्या. स्पृहाने गिटार पेटीत घालून कपाटावर टाकली, तर आई कपाटाकडे तोंड करून गायली. भाऊ गेला, आता आईही अशीच डोळ्यांदेखत जाणार ही भीती स्पृहाला सोडेना.

तिने संतोषकडून जुने भाग परत बसवून घेतले. सगळे होते, फक्त दोरा केव्हाच केरात गेला होता. “दोराच तर आहे ताई, दुसरा लावा.”

गिटार पुन्हा बोटं सोलायला लागली, तरी जाड तार तेवढी आधीच दबलेली असायची. दुसरा लावा… ते शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. पण साध्या दोऱ्याला अनि जुमानेल कसा? आईचाच लावावा. आईचं त्याने कधी मोडलं नव्हतं.

संध्याकाळी आतल्या खोलीत आई तंबोऱ्याशी बसल्या बसल्या पेंगत होती. स्पृहाने खर्जाच्या तारेखालचं सूत अलगद ओढून काढलं. लहानपणापासून हजारदा काढलं असेल. बाहेर येऊन तिने ते गिटारच्या जाड तारेखाली सरकवलं आणि बोट ठेवलं. तार उंच होती, गार होती, कडक होती. कुणीही दाबलेली नव्हती. स्पृहाला रडू फुटलं.

“आई! आई, अगं बाहेर ये!”

आई भिंतीला टेकून तशीच बसली होती, हात तंबोऱ्यावर, डोळे उघडे.

खालच्या मजल्यावरचे श्रीधरकाका निवृत्त डॉक्टर होते. ते धापा टाकत आले, त्यांनी नाडी पाहिली आणि कुसुमताईंचे डोळे मिटले. स्पृहाच्या डोक्यावर हात ठेवायला ते वळले आणि मध्येच थांबले.

“बाहेर कोण बसलंय गं?”

“कुणी नाही, काका.”

“अगं, मग हे गातंय कोण…” त्यांचा आवाज एकदम खाली गेला. “इतकी वर्षं ऐकतोय मी. कुसुमताईंचा आवाज मला कळत नाही होय?”

ते पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत गेले आणि गिटारसमोर जमिनीवर बसले. जिन्यावरून शेजारी येत होते. रडायला आलेले, तोंडाला पदर लावलेले. उंबऱ्याशी एकेक जण थबकला आणि गप्प झाला. मग सगळेच हळूहळू मान डोलवायला लागले.

स्पृहाने जिवाचा कान केला. तिला काहीच ऐकू आलं नाही.