ऑर्व्हिलच्या टेबलावरची पट्टी

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. व्हर्ना टटल अजून हयात आहे. केंटकीच्या डोंगरात, मिल्स फोर्कला जाऊन कुणीही तिला विचारावं. फक्त तिच्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानात बसून विचारू नये. तिथे ती आता एकटी थांबत नाही.

नोव्हेंबरातला शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायचा, म्हणून दुरुस्तीला टाकलेल्या बंदुका लोक सकाळीच घेऊन गेले होते. दुपारी दुकान रिकामं होतं.

तेवढ्यात व्हर्नाचा मुलगा ड्वेन आला. तो शेरीफच्या हाताखाली डेप्युटी. त्याने आपलं रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं आणि शेजारी त्याच्या बाजूचं काढलेलं झाकण.

"आई, साफ करायला उघडलं होतं. आतलं सगळं बसवलंय. ही साइड प्लेट तेवढी बसव, मला ड्युटीवर जायचंय."

"स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलीस ना? आजोबा असते तर तंगडं मोडलं असतं तुझं."

"माझं? आजोबा तुला ओरडायचे. माझे लाडच करायचे!"

ते खरंच होतं. हे काम व्हर्नाला तिच्या सासऱ्यांनी, ऑर्व्हिलनी शिकवलं. एक चूक झाली की दिवसभर बोलायचे. नातवावर मात्र त्यांचा भारी जीव. ते गेल्यापासून मागच्या खोलीतलं त्यांचं टेबल कुणी हलवलं नव्हतं.

प्लेट उचकटायची नाही, असं ते बजावायचे. स्क्रू काढायचे आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने रिव्हॉल्वरच्या दांड्यावर हलकेच ठोकत राहायचं. ती आपसूक वर येते. बसवतानाही स्क्रूने आवळून खेचायची नाही. बोटांनी दाबून बसवायची.

व्हर्नाने वरची कड आत सरकवली. अंगठ्याने दाबलं. प्लेट फार घट्ट होती, पण बसली.

ती स्क्रू घ्यायला वळली...

प्लेट पुन्हा वर आली होती.

तिने कडा पाहिल्या. कुठे वाकलेली नाही, कचरा नाही. पुन्हा दाबली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला...

ठक... ठक... ठक.

लोखंडावर लाकडी मूठ ठोकल्याचा. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

तिच्या डोळ्यांदेखत प्लेट हळूहळू वर आली.

"उंदीर झालेत वाटतं," ड्वेन म्हणाला. "आई, स्क्रूने आवळून टाक ना!"

"तू गप्प बस जरा!"

पण हे पोर एकदाचं इथून बाहेर पडावं, एवढंच तिला वाटत होतं. जन्मात केलं नव्हतं ते तिने केलं. स्क्रू घातला आणि आवळायला लागली.

ठक, ठक, ठक, ठक...

स्क्रू उडाला. प्लेट टेबलावर पडली, उताणी. आतली खाच वर आली.

खाच रिकामी होती.

"ड्वेन... इथली पट्टी कुठाय?"

"ती बारकी? तीच मधे येत होती. घरी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकलीय. काय अडतंय तिच्यावाचून?"

 ती पट्टी घोड्याला अडवून धरते, चाप ओढल्याशिवाय त्याला गोळीवर आपटू देत नाही. ती नसली तर रिव्हॉल्वर नुसतं खाली पडलं तरी गोळी सुटू शकते. आणि ड्वेनचा रिव्हॉल्वरचा पट्टा घरी जेवणाच्या टेबलाशेजारी खुंटीला टांगलेला असतो. तिथे जूनी खेळते, त्याची धाकटी.

ठकठक थांबली होती.

व्हर्ना मागच्या खोलीत गेली. ऑर्व्हिलच्या टेबलावरची धूळ जशीच्या तशी होती...

त्या धुळीत एक पट्टी पडली होती. ताजं तेल लावलेली.

तिने ती बसवली. प्लेट नुसत्या अंगठ्याने खाली गेली आणि तिथेच राहिली. ड्वेन रिव्हॉल्वर घेऊन ड्युटीवर गेला.

दुसऱ्या दिवशी जेवताना खुंटी निखळली. भरलेलं रिव्हॉल्वर घोड्याच्या बाजूनेच फरशीवर आदळलं. नळी जूनीकडे होती. ती समोरच मक्याचा पाव खात बसली होती.

काहीच झालं नाही.

ड्वेनने फोन केला तेव्हा तो रडत होता. "आई, आजोबांनी वाचवलं गं माझ्या पोरीला!" व्हर्नाही रडली. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तो म्हणाला, "पण आई... मी आत्ता ड्रॉवर उघडला."

"बरं?"

"माझी पट्टी इथेच आहे."

मग रिव्हॉल्वरमधली पट्टी कुणाची? दुकानात तसली सुटी पट्टी नव्हतीच.

तेव्हापासून व्हर्ना गिऱ्हाइकांना फोन करते. रिव्हॉल्वर घेऊन या, उघडून बघू म्हणते. काही येतात. काही हसतात. काही गाव सोडून गेलेत. जी जी उघडली, त्यांत पट्टी जागेवर होती.

आणि मागच्या खोलीत अजून...

ठक... ठक.

ती उंबऱ्याबाहेर उभी राहून ओरडते, "बाबा, ती पट्टी कुणाच्या रिव्हॉल्वरमधून काढलीत? नाव तरी सांगा!"

आवाज थांबतो. ती फोनकडे वळली की पुन्हा सुरू होतो.