गिरीशरावांची खोगिरं

“बाबा, बाळंतपणाला माझी आई येणार. ती झोपणार कुठे... या खोगिरांवर?”

सून चैत्रालीचे शब्द गिरीशरावांच्या काळजात खोल रुतले. फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीत दोह्यातली घरं महागली, मालकाने अल गराफातला व्हिला परत मागितला, आणि मुलगा अमेय, सून आणि ते स्वतः अल सद्दच्या लहानशा फ्लॅटमध्ये आले होते. तिथली मागची खोली खोगिरांनीच भरली होती. मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन तेल-इंजिनिअरांकडून त्यांनी एकेक करून घेतलेली ती जुनी, पुढे शिंगासारखी मूठ असलेली, नक्षीदार कातड्याची खोगिरं, त्यांचे लगाम, पाय ठेवायच्या लाकडी रिकिबी... दिवंगत पत्नी शशिकलाबाईंनी कितीतरी उसवलेले टाके स्वतः घातले होते!

पुढच्याच शुक्रवारी खोली रिकामी झाली. अमेयने विचारलं तर म्हणाले, आता कंटाळा आला, खलास. चैत्रालीला ते खरंच वाटलं.

आई आली, बाळ झालं, घर कसं भरून गेलं! गिरीशराव मात्र दर शुक्रवारी सकाळी कुठेतरी जात. मित्राकडे, एवढंच सांगत. एकदा अमेयला त्या मित्राचा, शहराबाहेर तबेला चालवणाऱ्या नसरुद्दीनचा फोन आला. बाबा चष्मा घरीच विसरले होते. तो द्यायला अमेय निघाला. चैत्रालीही बाळाला घेऊन निघाली.

तबेल्याच्या दारात नसरुद्दीनने सहज सांगितलं, की ही खोगिरं आता स्वारीच्या कामाची नाहीत, त्याने नुसती भिंतीशी जागा दिलीय. घरात बाळ येणार, खोली हवी, म्हणून साहेबांनी आणली. तेव्हापासून दर शुक्रवारी येऊन एकेकाला तेल लावतात, आणि लावताना त्यांच्याशी बोलतात...

चैत्रालीचे डोळे भरून आले. आत गिरीशराव फडकं घेऊन खाली बसले होते. तिला पाहून ते गडबडले.

“बाबा, मला सांगायचं तरी...”

“सांगितलं असतं तर तू आईला बोलावलं नसतंस.”

“एक तरी घरी नेऊया.”

“नको गं. तिथे तुझ्या आईची कॉट आहे. ती नाही हलवायची.”

तिने बाळ त्यांच्यापुढे धरलं.

“अगं, हाताला तेल आहे माझ्या...”

“असू दे, बाबा,” ती म्हणाली, आणि बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवून तिने फडकं उचललं.