एका गोणीचा रांजण

दासोम कमरेपर्यंत रांजणात वाकली होती. बाजारातल्या माणसांना तिचे पाय आणि पिवळ्या फुलांचा झगा, एवढंच काय ते दिसत होतं. ती आत डोळे मिटून वास घेत होती.

"त्यात अकरा वर्षं मासळीचं खारवण मुरत होतं," मागून कुणीतरी म्हणालं.

घाईनं बाहेर येताना तिचं डोकं काठावर आपटलं. समोर एक उंच माणूस उभा होता. दोन्ही हातांना कोपरापर्यंत वाळलेली माती, आणि थोडी एका भुवईलाही. ज्या म्हातारीचा तो जुना रांजण होता ती खवळली. गिऱ्हाईक पळवतोस काय रे, म्हणाली. पळवत नाही मावशी, वाचवतोय, असं म्हणून तो हसला... आणि दासोमला उगाचच वाटलं की डोक्याला लागलंय ते फारसं काही नाही.

त्याचं नाव ओक मुजिन. डोंगरापलीकडच्या कुंभारवाडीतला. शेजारीच त्याचे नवे, तपकिरी, गरगरीत रांजण ओळीनं मांडलेले होते. दासोमनं त्यातला एक पसंत केला, किंमत विचारली. कशासाठी हवाय, त्यानं विचारलं.

"बीअरसाठी."

त्यानं शांतपणे झाकण परत ठेवलं. "मग नाही देणार."

माझे रांजण श्वास घेतात, त्यानं समजावलं. सोयाबीनचा रस त्या श्वासावर वर्षानुवर्षं जगतो, पण बीअर त्याच श्वासानं मरते, आंबून तिचा शिरका होतो. त्यापेक्षा ग्वांगजूला स्टीलची पिंपं मिळतात, एक घेऊन टाका. गिऱ्हाईक शहराकडे हाकलायला एवढा उत्सुक दुकानदार दासोमनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मग तिला सगळं सांगावंच लागलं. ती तालुक्याच्या वाचनालयात कामाला होती, आणि बीअर करायला शिकली होती ती तिथल्याच पुस्तकांतून. तिच्या बाबांनी चाळीस वर्षं जव पेरले, आणि दर वर्षी ट्रक भरून बीअरच्या कारखान्याला पाठवले. स्वतःच्या जवाचा एक घोट मात्र कधी घेतला नाही. ऑक्टोबरात त्यांना सत्तर वर्षं पूर्ण होत होती, आणि हे पीक शेवटचं. पुढच्या वर्षी शेत खंडानं द्यायचं ठरलं होतं. तिनं एक गोणी लपवून ठेवली होती. जव मोड आणून, वाळवून, मंद भाजून झाले होते. आता अडलं होतं भांड्यावर. गेल्या वर्षी विकतच्या जवाची, प्लॅस्टिकच्या बादलीत केलेली बीअर घासणीनं पडलेल्या चरांत दडलेल्या कसल्याशा जंतूंनी नासवली. बाबांनी एक घोट घेऊन उरलेली कोंबड्यांपुढे ओतली, तर कोंबड्याही निघून गेल्या. काचेची बरणी जवाचा गरम काढा ओतताच तडकली. आणि स्टील... स्टीलच्या टाक्यांत तर ते जव चाळीस वर्षं जातच होते. ही एक गोणी तिला इथल्याच मातीत हवी होती.

"एकच गोणी?" त्यानं विचारलं.

"एकच. बिघडली तर संपलं."

त्यानं हातांवरची माती झटकली. मग म्हणाला, "हात द्या."

म्हातारी मावशी भाव सांगता सांगता थांबली. मुजिननं गवताची एक काडी घेऊन दासोमच्या मुठीभोवती गुंडाळली. नवाच रांजण करावा लागेल, तो म्हणाला, हवा शिरू नये म्हणून गळा अरुंद हवा, आणि धुवायला हात आत गेला पाहिजे, म्हणून तुमच्या मुठीएवढा रुंद. वर माती भट्टीत आकसते. चांगली आठवा हिस्सा आकसते.

"मग माझा हात थोडा मोठाच धरा."

"धरलाय," तो म्हणाला. तो धरलेलाच होता, काडी केव्हाच मोजून झाली होती, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

त्यानंतर दर शनिवारी तिला कुंभारवाडीला जाणं भाग पडू लागलं. कधी गळ्याचा आकार पाहायला, कधी झाकण. एकदा तर आपण कशासाठी आलो हे तिला बसमधून उतरल्यावरही आठवेना. मुजिननंही विचारलं नाही. त्यानं चाकाजवळची बसायची फळी पुसून दिली, एवढंच.

पहिला रांजण भट्टीतून देखणा निघाला. मुजिननं त्यात पाणी भरून तो कागदावर ठेवला. दुसऱ्या दिवशी कागदाला नाण्याएवढा ओलावा. दासोमच्या मते तेवढं चालणार होतं. ती तसं म्हणेपर्यंत त्यानं हातोडा उचलला होता.

"महिन्याची मेहनत होती ती," ती खापरांकडे बघत राहिली. "दोनच थेंब तर गळत होते."

"तुमच्याकडे दुसरी गोणी आहे का?"

परतीच्या बसमध्ये तिला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही. त्या गोणीबद्दल आजवर तिनं ज्याला सांगितलं तो हसलाच होता. गोणीसाठी स्वतःचं काम फोडणारा हा पहिलाच.

दुसऱ्या रांजणाची माती त्यानं तीनदा गाळली. भट्टी एक दिवस जास्त आणि अधिक कडक पेटवली, राखेची झिलई आतून बाहेरून दिली, म्हणजे त्याचा श्वास बंद. गळ्याभोवती पन्हळ केली. तीत पाणी भरून झाकण ठेवलं की आंबताना होणारा वायू बुडबुड करत बाहेर निघणार, बाहेरची हवा आत शिरणार नाही. कागद यावेळी कोरडा राहिला, एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मग त्यानं दासोमला निरोप पाठवला, आणि तिथंच गफलत झाली.

त्यांच्या भाषेत रांजणाला दोक म्हणतात. विषालाही दोकच म्हणतात. लिहायचंही अगदी सारखंच. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता आणि बाबा नेमके चष्मा लावून बसले होते. त्यांनी वाचलं— "दोक तयार आहे. रविवारी सकाळी आणतो. तुमच्या बाबांना शंका येता कामा नये."

चार दिवस बाबा लेकीनं वाढलेलं मांजराला आधी चाखायला देऊन मग जेवले. बोलले मात्र काही नाहीत. रविवारी मुजिनचा टेम्पो दारात थांबला तेव्हा ते फाटकात कुदळ घेऊन उभे.

"कुठाय विष?" ते म्हणाले. "दे इकडं. आणि तू कोण माझ्या मुलीचा?"

रजईत गुंडाळलेला रांजण छातीशी धरून मुजिन जागीच थिजला. "मी कुंभार," तो म्हणाला. मग जरा थांबून, "अजून तरी तेवढाच."

दासोम ओल्या हातांनीच धावत आली. फोड करून सांगता सांगता गोणीचं बिंगही फुटलं. वाढदिवसाची गंमत गेली ती गेलीच. बाबा कुदळ टेकवून रांजणाकडे बघत राहिले. मग त्यांनी गोठ्याकडून जवाच्या काडाची पेंढी आणली. या घरात न तपासता रांजण येत नाही, माझ्या आईपासूनची रीत आहे, म्हणाले. अंगणात काड पेटवलं, त्यावर रांजण पालथा घातला. बारीक जरी चीर असली तरी तिथून धुराची रेघ निघते. तिघं गुडघे टेकून बघत राहिले. काठाखालून निसटलेल्या धुरानं डोळ्यांना धारा लागल्या, पण रांजणाच्या पोटातून, पाठीतून, खांद्यातून एक रेघही निघाली नाही.

"रांजण चांगला आहे," बाबा डोळे पुसत म्हणाले. "बीअरचं मी बघून सांगेन. मन राखायला चांगली म्हणणार नाही, आधीच सांगतो."

सप्टेंबरात दासोमनं काढा उकळला, थंड केला, यीस्ट टाकलं आणि पन्हळीत पाणी भरलं. पहिला दिवस गेला. काही नाही. दुसरा गेला. तिनं मुजिनला फोन करून रांजण मुका आहे म्हणून सांगितलं. तो तासाभरात हजर. दोघं ओसरीवर रांजणाला कान लावून बसले. तो एका बाजूनं, ती दुसऱ्या. मध्ये जव, पाणी आणि कुणीच न बोललेलं बरंच काही. आणि... गुडुक. पुन्हा, गुडुक. मग एकामागून एक, जणू आत कुणी हसू आवरत होतं.

सत्तरीच्या दिवशी अंगणात पन्नास माणसं. वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सार, तांदळाच्या वड्या, तव्यावरचे माशांचे काप. रांजणातली बीअर दासोमनं पंधरा दिवसांपूर्वी बाटल्यांत भरली होती. तिनं एक उघडली आणि बाबांच्या वाडग्यात ओतली. रंग पिकल्या शेताचा, वर बोटभर पांढरा फेस. बाबांनी वास घेतला. घोट घेतला. अंगणातल्या सगळ्या आत्या गप्प झाल्या, ही काही लहानसहान गोष्ट नव्हती.

बाबांनी दुसरा घोट घेतला. मग वाडगं रिकामं करूनच खाली ठेवलं.

"कारखानेवाले इतकी वर्षं मला लुटत होते," ते जड आवाजात म्हणाले. "हे असं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नाही." आणि भावाकडे वळून, "खंडाचं रद्द. या महिन्याअखेर जव पेरणार आहे मी."

टाळ्या, आरोळ्या, वाडगी पुढे. दासोमचे डोळे भरून आले ते तिनं पुसलेही नाहीत. फाटकाजवळ मुजिन एकटाच उभा होता, जायच्या तयारीत. ती तिकडं गेली.

"निघालात?"

"रांजण झाला. बीअर झाली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आता यायला काही निमित्त उरलं नाही. मी पंधरा दिवस शोधतोय... सापडत नाही."

"निमित्त कशाला हवंय?" दासोम म्हणाली. आपला आवाज चढलाय आणि मागं अंगण शांत झालंय, हे तिला कळत होतं. तरी ती थांबली नाही. "तुम्ही मला आवडता. माझ्यासाठी या."

मुजिननं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला कुणालाच चष्मा लागला नसता.

"येतो," तो अखेर म्हणाला. "रोज येतो. तुम्ही मला त्या बाजारापासून—"

"पोरा," थोरली आत्या मध्येच ओरडली, "ओक म्हणजे कुठले ओक तुम्ही? आणि आई आहे ना? तिचा नंबर सांग आधी."

दासोमवरची नजर जराही न हलवता मुजिननं एक एक आकडा सांगितला. आत्यानं तो दोनदा म्हणून घेतला, आणि लगेच लावला.