टाकी माशांची, गारठली अंडी

हात लावला माशांच्या टाकीला आणि गारठली अंडी! आता सांगा, हे काय गौडबंगाल?

चिमीला तर रडूच कोसळायचं बाकी होतं. चंद्रावरच्या त्यांच्या वसाहतीत कोंबडीचं पिल्लू अजून कुणी पाहिलंच नव्हतं. पृथ्वीवरून जिवापाड जपत आणलेली चार अंडी उबवणीच्या पेटीत होती, आणि पेटीची ऊब सदतीसवरून पार सव्वीस अंशांवर उतरली होती.

"आजोबा, लवकर या! मी पेटीला बोटसुद्धा लावलं नाही, देवाशपथ!"

वसाहतीचा संगणक सांभाळणारे तिचे त्र्यंबकआजोबा धापा टाकत आले. आधी त्यांनी संगणकावरून पेटीची ऊब सदतीसवर नेली. तर काय, टाकीचा आकडाही सदतीस!

"टाकीसाठी काय केलं होतंस गं?"

"संगणकातल्या अंड्यांच्या सूचनांची नक्कल केली. तिला 'मासे' नाव दिलं आणि ऊब सव्वीस केली."

"नक्कल कुठली, वेडाबाई! तू नुसतं दुसरं नाव ठेवलंस. बारशाला तुझं नाव इरावती ठेवलं, हाक मारतो चिमी. चिमीनं मिरची खाल्ली तर इरावतीचं तोंड भाजेल का?"

"भाजेलच की! मीच ती!"

"तसंच हे. नावं दोन, सूचना एकच. अशा नावाला म्हणतात संदर्भ (मूळ वस्तूकडे दाखवलेलं बोट). वेगळं काही हवं, तर प्रत (मुळासारखीच, पण स्वतंत्र वस्तू) बनव असं संगणकाला स्पष्ट सांगायचं."

चिमीनं प्रत बनवली आणि 'मासे' हे नाव तिला दिलं. टाकी सव्वीसवर आणली. भीत भीत पेटीकडे पाहिलं. सदतीसच!

"पण अंडी? ती मेली तर नाहीत ना?"

आजोबांनी दिवे मालवले आणि एकेका अंड्यामागे विजेरी धरली. पहिल्यात काहीच हलेना. दुसऱ्यातही नाही.

तिसऱ्या अंड्यात एक काळी सावली हळूच वळली.

"हललं! आजोबा, हललं!" चिमी रडतही होती, हसतही होती.

"आता बारशाची तयारी कर. इथे सूर्य महिन्यातून एकदाच उगवतो, पण कोंबडा मात्र रोज आरवेल हो!"

"नावं मी दोन ठेवणार," डोळे पुसत चिमी म्हणाली, "पण पिल्लू एकच आहे, हे नाही विसरणार."