अकरा आया, अकरा बाळं

"चारला चौकशी समिती बसतेय, आपा. अकरा बाया मी मनानं रचल्या म्हणे!" डॉ. सदफनं बॅग टेबलावर आपटली.

कमरुन्निसा आपांनी तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. आता नांदेडात खाजगी तपास करायच्या. या कामातले जोडीदार माणिकप्पा, उदगीरचे जुने कंपाउंडर. माणूस सोन्यासारखा, पण डोकं जरा सावकाश. हे ते स्वतःच सांगत.

सदफनं भडाभडा सांगितलं. नांदेड-लातूरच्या एकोणीस दवाखान्यांच्या नोंदी एका संगणकी जाळ्यात जोडलेल्या. संशोधकाला नाव-गाव दिसत नाही, नुसता आरोग्य क्रमांक. रक्तदाबाची एक गोळी घेतलेल्या अकरा गरोदर बायांची बाळं फार कमी वजनाची झालेली तिला त्यात दिसली.

"एका डॉक्टरला अशी एकच बाई दिसते, तो नशिबावर ढकलतो. जाळ्यात अकरा दिसल्या! आता समिती म्हणते, बाया लोह्याच्या आहेत, पण सातव्या महिन्यानंतर त्यांची नोंदच नाही. बाळांच्या नोंदींना आई नाही. आज माझं संशोधन रद्द झालं तर ती गोळी चालूच राहणार."

"राहील कशी? बघू की," आपा म्हणाल्या.

लोह्याच्या दवाखान्यात नोंदी करणारी वर्षाराणी रडवेली झाली. माणिकप्पांना लगेच तिचाच संशय आला.

"मी नुसती नोंद करते, आपा. दोन नोंदींचा जोड तोडायचा तर विष्णुपुरीच्या मुख्य कार्यालयातूनच तुटतो."

"या अकराही जणी पहिलटकरणी होत्या का गं?"

"हाव."

आपांनी तिला बाजूला नेऊन दवाखान्याच्या वहीतून काही फोन करायला लावले.

विष्णुपुरीत जाळ्याचे प्रमुख डॉ. राजशेखर चहा पाजून बोलले. ती गोळी एकोणीस दवाखान्यांना त्यांनीच सुचवलेली.

"नावं-गावं मलाही दिसत नाहीत, आपा. उगा कशाला शिणता? जळकोटपासून देगलूरपर्यंत पालथं घातलंत तरी त्या बाया सापडायच्या नाहीत."

"लई सज्जन माणूस," बाहेर येताना माणिकप्पा म्हणाले. आपा हसल्या.

चार वाजता समितीपुढं राजशेखरांनी संशोधन रद्द करायचा कागद सरकवला. "जाळं पवित्र आहे. खोट्याला इथं जागा नाही."

"खरंय," आपा उभ्या राहिल्या. "माणिकप्पा, तुमची लेक पहिल्या बाळंतपणाला कुठं आली होती?"

"माहेरी, आमच्याकडं. सातव्यात ओटी भरली अन् आणली." बोलता बोलता माणिकप्पांचे डोळे मोठे झाले. "अरे देवा!"

"सासरी लोह्यात गोळी, माहेरी बाळंतपण. सासरी नवऱ्याचं नाव, माहेरी बापाचं. दोन्ही नोंदी एकाच बाईच्या, हे फक्त क्रमांकाच्या जोडानं कळतं. तो जोड विष्णुपुरीतूनच तुटतो. मग अकरा आया बाळाविना उरतात, अकरा बाळं आईविना."

"कुणीही तोडला असेल!" राजशेखर ओरडले.

"लोह्याच्या बाया शोधायच्या तर माणूस लोह्यात फिरा म्हणेल. तुम्ही जळकोट-देगलूर म्हणालात; वर्षाराणीच्या फोनवर कळलं, तीच त्यांची माहेरं. माहेरच्या गावांचं नाव तर कुणी काढलंच नव्हतं! नावं-गावं दिसत नसलेल्या माणसाला ती कुठून कळली? जोड कुणी तोडला याची नोंद यंत्रात राहते. समितीनं आत्ताच मागवावी."

राजशेखरांनी सरकवलेला कागद परत ओढला. "एवढ्या बायांना मीच ती गोळी सुचवली, असं जगाला सांगू? चूक कोणाची होत नाही?"

"चूक माफ होते, डॉक्टर. अकरा आया पुसणं माफ होत नाही."

दार उघडलं. वर्षाराणीच्या मागून एक तरुण बाई आली, कडेवर काटकुळं लेकरू. जळकोटहून एसटीनं आली होती. वर्षाराणीचा फोन जाताच स्वतःच म्हणाली होती, मी येते.

तिनं आरोग्य कार्ड समितीच्या टेबलावर ठेवलं.

"मी दानम्मा. रचलेली हाय व्हय मी? लेकरू सव्वा किलोचं झालं, महिनाभर काचेच्या पेटीत होतं. सासू म्हणली, माझंच नशीब खोटं." तिचा आवाज फुटला, पण मान खाली गेली नाही. "जोडा माझा नंबर. माझ्यासमोर जोडा. त्याबिगर मी हितनं हलत न्हाई."

माणिकप्पांनी आपली खुर्ची उचलून तिच्याजवळ नेऊन ठेवली आणि स्वतः तिच्या बाजूला उभे राहिले.