चैत्रांगणातली रिकामी जागा

माझ्या नवऱ्याची आणि माझी खरी ओळख झाली तेव्हा आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि लीना पाच महिन्यांची होती.

त्याआधी शामकांत म्हणजे महिन्याला एक पोस्टकार्ड. ते मोजणी खात्यात. पाथर्डी-तिसगावच्या रानात तंबू ठोकून शेतं मोजत फिरायचे. मी नेवाशाला मामंजींपाशी. सासूबाई नव्हत्याच. सणाला हे यायचे, खाली मान घालून जेवायचे आणि परत जायचे. मी पुण्याला बी. ए. झालेली, पण नवऱ्याचे डोळे कसे आहेत, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

त्या सकाळी मी दारात उभी होते. उगीचच. नऊ वाजून गेले होते. कडुनिंबाचा मोहर अंगणात सांडत होता आणि तो झाडायचाही मला कंटाळा आला होता. इतक्यात गल्लीच्या टोकाकडून एक माणूस पळत आला. खांद्यावर वळकटी, दाढी वाढलेली. दारापुढच्या मोकळ्या जमिनीपाशी थबकला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"कोण... कोण गेलं?"

आवाजावरून ओळखलं. हेच.

"कोणी नाही."

"बाबा?"

"पूजेला बसलेत."

"लीना—?"

"झोपलीय. आत्ताच तिचे श्वास मोजून आले."

"मग रांगोळी का नाही दारात?"

खरंच की! आमच्याकडे दारात सडा-रांगोळी नसते ती फक्त सुतकात. लांबून ती मोकळी जमीन पाहूनच त्यांनी धाव घेतली होती.

"मला उठवलं नाही," मी म्हटलं. "तीन दिवस झाले."

"म्हणजे काय! साळूबाईला सांगायचं, उठव म्हणून."

"तसं नाही हो. कुणी हाक मारली नाही असं नाही. मला... उठवलंच नाही."

ते पायरीवर बसले. टोपीने घाम पुसला. मग वर पाहिलं. डोळे तपकिरी होते, उन्हाने बारीक झालेले.

"मला वाटलं, तुलाच काही झालं."

"झालंय," मी म्हणून गेले. आणि जीभ चावली.

काय झालंय ते मला सांगता येत नव्हतं. इंग्रजी येत होतं, संस्कृत येत होतं. ह्याला शब्द येत नव्हता. बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आले ती अंगावर ओलं घोंगडं घेऊनच. लीना रडली की छातीत धडधडायचं आणि ती गप्प झाली की जास्तच. तिला घेऊन आडापाशी जायचं मी सोडून दिलं होतं. आडाची भीती नव्हती. माझ्या हातांची होती.

मामंजींनी, विष्णुपंतांनी, ते केव्हाच ओळखलं होतं. त्या दुपारी मुलाला समोर बसवून ते म्हणाले, "शाम, सूनबाईंना बोल लावत नाही मी. पण पोरीचे हाल होतात. पुन्हा ज्या दिवशी दार असं मोकळं दिसेल, त्या दिवशी गाडी जुंपायची आणि लीनाला सोनईला अंबिकेकडे ठेवायचं. वर्षभर."

अंबिका म्हणजे ह्यांची आत्या. मायाळू बाई. पण वर्षभर...! मी दाराआड उभी होते. ह्यांनी वडिलांपुढे कधी मान वर केली नव्हती, तेव्हाही केली नाही. फक्त म्हणाले, "महिनाभर मी इथंच आहे. कचेरीत नकाशे उतरवायचेत."

दुसऱ्या दिवशी चैत्रातली तीज. तेव्हापासून अक्षय तृतीयेपर्यंत दारात रोज चैत्रांगण काढायचं. मधोमध झोपाळा, झोपाळ्यात गौर, भोवती तुळस, शंख, कासव, हत्ती, चंद्र, सूर्य. मी भिंतीला धरून उठले. कामाच्या साळूबाईने सडा घातला. चिमटीतून रांगोळी सुटायला लागली, गार, बारीक... झोपाळा काढला आणि हात थांबला. गौर काही बसेना. चंद्र-सूर्य काढायचे तिथे दोन डोळे उतरले, पापण्या नसलेले.

"वैनी," साळूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गौर कुठं गेली वो?"

"इथंच आहे. तिला बसवत नाही."

"आन् ह्ये डोळं? पुसा बया. लई भ्या वाटतंय."

"मलाही वाटतं, साळूबाई."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि न पुसताच बादली उचलून गेली.

हे कचेरीला निघाले. डोळ्यांपाशी उकिडवे बसले. मला वाटलं, आता रागावतील.

"हे मिटत नाहीत का कधी?"

"नाही."

"रात्रीसुद्धा?"

"रात्री तर नाहीच."

ते उठले. चप्पल घालता घालता म्हणाले, "मग आज लीनाचे श्वास मी मोजीन. मोजणं हेच तर माझं काम. सरकार पगार देतं त्याचा."

त्या रात्री मी चार तास झोपले.

मग रोजचंच झालं ते. मी काढायची, हे बसून पाहायचे. एकदा कासव काढलं, पाठीवर सगळं घर घेतलेलं. एकदा तुळशीच्या जागी पायऱ्यांची विहीर.

"खोल किती?" ह्यांनी विचारलं.

"मोजणीदार तुम्ही. तुम्ही सांगा."

"मोजणीची साखळी सोडावी लागेल आत."

"सोडा की... कोण नको म्हणतंय?"

"तेहतीस फुटांचीच आहे. पुरेल?"

"नाही पुरणार."

"मग दोन जोडू." आणि कानापर्यंत लाल झाले. मी पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं. दमलेल्या माणसालाही लाज वाटते, हे मला ठाऊक नव्हतं.

गल्लीत मात्र कुजबुज सुरू झाली. समोरच्या बनुबाई हळदीकुंकवाला आल्या तेव्हा उंबऱ्याशी पाय आवरून म्हणाल्या, "कॉलेजात हीच का गं रांगोळी शिकवतात?" मामंजी ऐकत होते. रोज नदीवरून आंघोळ करून आले की आधी जमिनीकडे पाहत, मग माझ्याकडे.

वैशाख लागला, आणि तो दिवस आलाच. अक्षय तृतीयेला एक दिवस उरला होता. मी जागी होते, डोळे उघडे होते, पण पाय माझे नव्हते. बाहेर साळूबाईचा सडा पडला. तोंडाने म्हणत होते, ऊठ, लीना जाईल, ऊठ... अंग ऐकत नव्हतं. उशी भिजली.

हे शेजारी उठून बसले. रांगोळीची वाटी घेऊन बाहेर गेले. क्षणभराने खिडकीतून आवाज आला.

"नीला. काय काढू?"

"अहो, तुम्ही—? लोक काय म्हणतील! आत या."

"लोक बघू नंतर. बाबा येतील इतक्यात. सांग लवकर."

"झोपाळा काढा."

"काढला. तिरका झालाय... असू दे. गौर बसवू का आत?"

मी छताकडे पाहिलं. "नको. खाली. आडवी."

"आडवी?"

"झोपू दे तिला."

बाहेर बनुबाईंचं दार वाजलं. "अगं बाई! शामराव! उद्या वेणी घालून बसणार का काय?"

"तुम्ही घालून द्याल तर बसतो," हे म्हणाले. वडिलांपुढे मान वर न करणारा माणूस भर गल्लीत उकिडवा बसून हे बोलत होता!

मग ओल्या धोतराचा सपसप आवाज. मामंजी. मी लीनाला पोटाशी धरलं. गाडी जुंपा, एवढंच आता ऐकायचं होतं.

"शाम," मामंजी म्हणाले, "ही गौर निजलीय का?"

"दमलीय, बाबा."

तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग हळू बोला," मामंजी म्हणाले, आणि चैत्रांगणाला वळसा घालून भिंतीकडेने आत गेले. लगेच त्यांचा दबका आवाज आला, "साळूबाई, लीनाला दूध मी पाजतो आज. सूनबाईंना उठवू नकोस."

उन्हं अंगणात आली तेव्हा मी उठले. बरी झाले होते असं नाही. अंग तसंच जड होतं. भिंत धरत धरत खिडकीपाशी गेले. रेषा मोजणीच्या, पट्टीने मारल्यासारख्या. हत्ती होता की पेटी, कळत नव्हतं. गौर मात्र झोपली होती, गाढ, आणि तिच्या उशाशी एक उभी काठी होती.

हे मागे येऊन उभे राहिले. बोटं अजून पांढरी होती.

"ती काठी कसली हो?"

"काठी?" ते दुखावलेच. "तो मी आहे."

मला हसू आलं. किती महिन्यांनी... आणि हसता हसता रडूही. ते तसेच उभे, काठीसारखे, काय करावं ते न कळून.

"उद्या त्याला हात काढा," मी म्हटलं.

"हात?"

"हो. तिला धरायला लागतो."